उंदराचे औषध, माणसाचे औषध

मराठी भाषेची एक लकब परभाषकांना चमत्कारिक वाटते. आपण विषाला औषध म्हणतो. ढेकणांचे औषध, झुरळांचे औषध, उंदरांचे औषध. शेतकरी पिकावर औषध मारतो. आणि एखाद्या अभाग्याने कीटकनाशक घेऊन जीव दिला, तर 'त्याने औषध घेतले' असेच दबक्या आवाजात सांगितले जाते. धारवाडच्या मराठी घरांत वाढलेल्या आम्हां मुलांना या लकबीची जाणीव बाजारातच होई. आम्ही दुकानात जाऊन घरच्या मराठीत 'उंदराचे औषध' म्हणावे आणि शेजारच्या कन्नड गिऱ्हाइकाने तीच पुडी 'इली पाषाण' म्हणून मागावी. इली म्हणजे उंदीर आणि पाषाण म्हणजे सरळसरळ विष. कन्नडने त्या वस्तूला तिच्या गुणाने हाक मारली. मराठीने तिला औषधांच्या पंगतीत बसवले.

मराठीचा हा भाबडेपणा एका बाबतीत मात्र अक्षरशः खरा ठरला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभर गाजलेले एक उंदीरनाशक आणि हृदयरोग्यांना दिली जाणारी, 'रक्त पातळ करणारी' म्हणून घरोघर माहीत असलेली एक गोळी, या दोन्हींतले रसायन एकच आहे. त्याचे नाव वॉर्फरिन. आधी ते उंदरांचे औषध झाले आणि नंतर माणसांचे.

या विषयाकडे मी वळलो तो वैद्यकाचा अभ्यासक म्हणून नव्हे. आमच्या थोरल्या वहिनींनी वॉर्फरिनच्याच कुळातील गोळी एकतीस वर्षे घेतली. बालपणी त्यांचा घसा धरला, ताप आला, सांधे सुजले. पुढे सारे ओसरले आणि घरचे ते विसरूनही गेले. तो संधिज्वर होता, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांध्यांना तो चाटून जातो आणि हृदयाच्या झडपांना मात्र कायमचा चावा घेतो. लग्नानंतर जिना चढताना वहिनींना धाप लागू लागली. १९७९ साली मुंबईत शस्त्रक्रिया होऊन त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसली. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या. परत आल्यावर त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही घातली. डावीकडे तारीख, मध्ये तपासणीचा आकडा, उजवीकडे गोळीची मात्रा: 'दीड', 'पाऊण', 'एक दिवसाआड अर्धी'. २०१० साली त्या गेल्या, तेव्हा एकीला दुसरी शिवलेल्या अशा तीन वह्या मागे उरल्या. त्या माझ्याकडे आल्या. आकड्यांखेरीज त्यांत फारसे काही नाही, असे प्रथम वाटले. पुढे या औषधाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की तो सारा इतिहास या वह्यांतील आकड्यांत उतरलेला आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. 'रक्त पातळ करणारे औषध' हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी खरा नाही. या औषधाने रक्त दुधात पाणी घातल्यासारखे पातळ होत नाही. ते जेवढे दाट असते तेवढेच राहते. फक्त गोठायला अधिक वेळ लागतो. जखम झाली की रक्त गोठणे हे शरीराचे संरक्षण आहे. परंतु कृत्रिम झडपेच्या धातूवर किंवा अनियमित धडधडणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात तेच रक्त विनाकारण गोठू लागले, तर गुठळी सुटून मेंदूकडे जाते आणि क्षणात अर्धांगवायू होतो. म्हणजे गोठण्याची क्रिया बंद पाडायची नाही, फक्त मंदावायची. कमी मंदावली तर गुठळी, जास्त मंदावली तर रक्तस्त्राव. या दोहोंमधील वाट फार अरुंद आहे, आणि या औषधाचा इतिहास म्हणजे ती वाट मोजण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

रक्त न गोठू देण्याची विद्या निसर्गात जुनीच आहे. पावसाळ्यात कॅसलरॉकच्या रानातून हिंडलेल्या कोणालाही ती ठाऊक असते. जळू पोट भरून गळून पडते, तरी पायावरच्या त्या बारीक छिद्रातून रक्त झिरपतच राहते. सुश्रुतसंहितेत जळवा लावण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात बारा प्रकारच्या जळवा सांगून सहा सविष व सहा निर्विष अशी त्यांची विभागणी केली आहे. १८८४ साली इंग्लंडमध्ये जॉन हेक्राफ्ट याने दाखवून दिले की जळवेच्या तोंडातील स्त्रावात रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. त्याला पुढे हिरुडिन हे नाव मिळाले. मग १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतातून तसाच गुण असलेले द्रव्य मिळाले. त्यातून हेपारिनचा जन्म झाला. १९३०च्या दशकात टोरांटो व स्टॉकहोम येथे ते शुद्ध केले गेले आणि शस्त्रक्रियांत मोलाचे ठरले. परंतु हेपारिन सुईनेच द्यावे लागते. रुग्णाने घरी नेऊन रोज पोटात घ्यावे असे ते औषध नव्हे. ती गोळी एका वेगळ्याच वाटेने, कुजलेल्या गवतातून आली.

१९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गुरे विचित्र रोगाने मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, अंगाला किरकोळ खरचटले, तरी रक्त थांबेना. जिथे जखमच दिसत नव्हती, तिथे जनावर आतल्या आत रक्तस्त्राव होऊन कोसळे. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातील पशुवैद्याने १९२०च्या दशकाच्या आरंभीच याचे कारण शोधून काढले: गुरांच्या वैरणीतील 'स्वीट क्लोव्हर' नावाचे गवत. हे गवत आपल्या मेथीच्या नात्यातले. तसेच तीन पानांचे आणि वाळल्यावर गोड वासाचे. ताजे किंवा नीट वाळवलेले गवत निर्धोक असे. ओले राहून बुरसटलेले तेवढे घातक ठरे. पशुवैद्यांचा सल्ला साधा होता: ती वैरण बंद करा आणि आजारी जनावराला निरोगी जनावराचे रक्त द्या. पण ते मंदीचे दिवस होते. शेतकऱ्याजवळ दुसरी वैरण नव्हती.

१९३३ सालच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन शहरी आला. गाडीत एक मेलेली कालवड, शंभर पौंड बुरसटलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचे दार उघडे दिसले म्हणून तो आत शिरला आणि कार्ल पॉल लिंक या प्राध्यापकापुढे त्याने ते सारे मांडले. लिंकजवळ त्या दिवशी जुन्याच सल्ल्याखेरीज देण्याजोगे काही नव्हते. शेतकरी तसाच परत गेला. मात्र कॅनमधले रक्त मागे राहिले.

त्या रक्ताचा उलगडा व्हायला सहा वर्षे लागली. १९३९च्या जूनमध्ये लिंकचा सहकारी हॅरल्ड कॅम्पबेल याने बुरसटलेल्या गवतातून दोषी द्रव्याचे स्फटिक वेगळे केले. गवताला सुगंध देणारे कुमारिन हे द्रव्य निरुपद्रवी असते; बुरशी त्याचे रूप पालटून डायकुमारोल बनवते, आणि ते रक्ताला गोठू देत नाही. कसे, याचे उत्तर दुसऱ्या एका शोधात होते. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम याने कोंबड्यांच्या पिलांवर प्रयोग करताना रक्त गोठण्यास आवश्यक असे एक जीवनसत्त्व शोधले होते आणि गोठण्याच्या क्रियेच्या नावाचे आद्याक्षर घेऊन त्याला 'के' म्हटले होते. १९४३चे नोबेल पारितोषिक त्याला त्यासाठीच मिळाले. यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार करते, त्यांतील चारांना जीवनसत्त्व 'के'ची गरज लागते. शरीर हे जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरात आणते. डायकुमारोल व त्याची भावंडे त्या पुनर्वापरात आडवी येतात. म्हणूनच या औषधाचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि गोळी बंद केली तरी तो काही दिवस रेंगाळतो. उताराही यातूनच मिळाला: मात्रा वाढली तर जीवनसत्त्व 'के' द्यावे.

१९४०च्या दशकाच्या आरंभीच डायकुमारोल रुग्णांना देऊन पाहण्यास सुरुवात झाली. लिंकच्या डोक्यात मात्र उंदीर शिरले. १९४५ साली जुना क्षयरोग उलटून तो आरोग्यधामात पडला असता त्याने उंदीरनाशाचा इतिहास वाचून काढला. आपल्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या दीडशेच्या आसपास संयुगांपैकी बेचाळिसाव्या क्रमांकाचे संयुग या कामाला योग्य आहे, हे त्याने हेरले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थी संशोधन प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांना 'कुमारिन'चे शेपूट जोडून 'वॉर्फरिन' हे नाव तयार झाले. १९४८ साली ते बाजारात आले. उंदीर हा संशयी प्राणी आहे. एखादे खाद्य खाऊन सोबती तिथल्या तिथे मेला, तर बाकीचे त्या खाद्याला शिवत नाहीत. वॉर्फरिन दिवसांच्या अंतराने मारते, त्यामुळे मरण आणि खाद्य यांचा संबंध उंदराला जोडता येत नाही.

उंदीरनाशकाला एवढे महत्त्व का यावे, हे हुबळीकरांना सांगायला नको. १८९६ साली मुंबईत अवतरलेला प्लेग १८९८मध्ये हुबळीत आला. त्या वेळी हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता. हुबळीतील साथ इतकी भयंकर होती, की डॉ. हाफकिन यांची नवी प्रतिबंधक लस मोठ्या प्रमाणावर टोचण्याची जी पहिली ठिकाणे होती, त्यांत हुबळीची गणना होते. सर्जन लॉयमन यांच्या देखरेखीखाली हजारो लोकांनी ती टोचून घेतली. घरात उंदीर पडू लागले की माणसांनी घर सोडून माळावर झोपड्या घालाव्यात, हे सामान्यांना अनुभवाने कळत होते. उंदराच्या अंगावरील पिसवेमधून रोग माणसाकडे येतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने त्याच वर्षी कराचीत प्रयोगाने दाखवले. पण शास्त्राने त्यावर निःशंक शिक्का मारला तो मुंबईत काम करणाऱ्या प्लेग कमिशनच्या प्रयोगांनंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ज्या गावांनी उंदरांपायी आळ्याच्या आळ्या ओस पडलेल्या पाहिल्या, त्यांना उंदीर मारणाऱ्या द्रव्याला 'औषध' म्हणावेसे वाटले, तर त्यात नवल कसले? लोकांच्या लेखी तो माणसांच्याच रोगावरचा उपाय होता.

उंदराच्या या औषधाला माणसाचे औषध व्हायला एक अपघात कारण झाला. १९५१ साली अमेरिकी सैन्यात नव्याने भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी वॉर्फरिन असलेले उंदीरनाशक अनेक दिवस खाल्ले. अखेर तो स्वतःच रुग्णालयात गेला, आणि रक्त व जीवनसत्त्व 'के' देताच पूर्ण बरा झाला. ज्या विषाला इतका खात्रीचा उतारा आहे, ते औषध म्हणून वापरण्यास हरकत काय, असा विचार मग बळावला. १९५४मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्या उपचारात वॉर्फरिनचा समावेश झाला. उंदीर मात्र काही वर्षांतच सावध झाले: १९५८ साली स्कॉटलंडमध्ये वॉर्फरिन पचवणारे उंदीर आढळले. आज आपल्या दुकानांत मिळणाऱ्या काही उंदीरनाशक वड्यांतील ब्रोमाडिओलोन हे वॉर्फरिनचेच अधिक दमदार भावंड आहे.

आता पुन्हा वहीकडे येतो. कृत्रिम झडपांचे युग १९६० साली सुरू झाले. शल्यविशारद अल्बर्ट स्टार व अभियंता लोवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप त्या वर्षी प्रथम यशस्वी ठरली. परदेशी झडपेची किंमत आपल्याकडील बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. एम. एस. वलियथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली, तीच 'चित्रा झडप'. १९९०च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली गेली. हेच वलियथन पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या अभ्यासात रमले आणि त्या तिघांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. झडप परदेशी असो वा भारतीय, धातूची यांत्रिक झडप बसली की रक्त पातळ करणारी गोळी जन्माची सोबतीण होते. आपल्याकडे वॉर्फरिनपेक्षा तिची धाकटी बहीण अॅसेनोकुमारोल हीच अधिक रुळली. वहिनींची गोळी तीच होती.

गोळी सोपी, मोजणे अवघड. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत आर्मंड क्विक याने १९३५ साली बसवली. नळीतील रक्तद्रवात सशाच्या मेंदूपासून केलेला अर्क घालायचा आणि गुठळी धरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. वहिनींच्या पहिल्या वहीत म्हणूनच सगळे आकडे सेकंदांत आहेत: 'रुग्ण २६, निरोगी १३'. ही तपासणी आमच्या भागात मोजक्या ठिकाणी होई. धारवाडहून सकाळच्या बसने हुबळीला जायचे, रक्त द्यायचे आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी आकडा आणायला पुन्हा कोणीतरी जायचे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत हे काम बहुधा माझ्याकडे असे.

१९८४च्या उन्हाळ्यातील दोन नोंदी मला फार दिवस कोड्यात टाकत होत्या. एक मुंबईची, २४ सेकंद. दुसरी नऊ दिवसांनंतर आमच्याकडची, ३२ सेकंद. गोळी तीच, आहार तोच. वहिनींनी समासात पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढले आहे. त्या आकड्यावर विसंबून गोळी कमी करण्यात आली. चूक कोणाची, हे विचारायचे आमच्या मनातही आले नाही. उत्तर पुढे वाचनात सापडले, आणि चूक कोणा माणसाची नव्हतीच. प्रत्येक प्रयोगशाळेचा अर्क वेगळा. कोणता संवेदनशील, कोणता मंद. एकच रक्त दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दाखवी. ब्रिटन आणि अमेरिका येथेसुद्धा हाच घोळ होता: कागदावरचे प्रमाण सारखे ठेवण्याच्या नादात अमेरिकेतील रुग्णांना वर्षानुवर्षे अधिक गोळी दिली जात होती. अखेर १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक तोड काढली. प्रत्येक अर्काला त्याच्या संवेदनशीलतेचा निर्देशांक द्यायचा आणि त्यानुसार आकडा दुरुस्त करून एकच सर्वमान्य प्रमाण काढायचे. तेच आजचे 'आयएनआर'. निरोगी माणसाचे ते १च्या आसपास असते. वहिनींसारख्या यांत्रिक मिट्रल झडपेच्या रुग्णांत साधारण २.५ ते ३.५ राखावे लागते. जिनिव्हात ठरलेले हे माप वहिनींच्या वहीत यायला आणखी बरीच वर्षे लागली. तिसऱ्या वहीच्या आरंभी सेकंदांचा रकाना संपतो आणि दशांशचिन्हे सुरू होतात. तिथून पुढे समासात एकही प्रश्नचिन्ह नाही.

दुसरी गोष्ट पालेभाज्यांची. हिरव्या पालेभाज्यांत जीवनसत्त्व 'के' विपुल असते. धारवाडकडच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्ची मेथी, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, मुळ्याचा पाला हे भाजी म्हणून आणि तोंडी लावणे म्हणूनही असतात. थंडीत तर ताट हिरवेगार होते. शस्त्रक्रियेनंतर वहिनींना 'पालेभाजी बंद' असे दोन शब्दांत सांगण्यात आले आणि त्यांनी ते व्रतासारखे पाळले. तेरा वर्षे आमच्या घरी मेथी शिजे तेव्हा त्यांच्या ताटात वांगे असे. १९९२ साली दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना समजावले की पालेभाजी बंद नको, सारखी हवी. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. गोळी त्या हिशेबाने ठरवू. एकदम वाढवली तर गोळीचा गुण मारला जातो, एकदम सोडली तर तो उसळतो. त्या दिवशीच्या नोंदीत आकड्यापुढे तीन शब्द आहेत: 'आज मेथी खाल्ली.' तिन्ही वह्यांत आकड्यांखेरीज त्यांनी स्वतःविषयी लिहिलेले एवढेच.

तिसरी गोष्ट वहीत नाही. ही गोळी नाळेतून गर्भापर्यंत पोचते. पहिल्या तीन महिन्यांत ती बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीत व्यंग निर्माण करू शकते, पुढे रक्तस्त्रावाचा धोका असतो. १९६०च्या दशकापासून वैद्यकाच्या नियतकालिकांत याच्या नोंदी येऊ लागल्या होत्या. हेपारिन नाळ ओलांडत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली काही वाट निघू शकते. पण तीही जोखमीची. संधिज्वराने झडप गमावणाऱ्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्यामुळे हा प्रश्न अपवादाचा नाही. वहिनींच्या बाबतीत 'मूल होऊ देऊ नका' हे वाक्य शस्त्रक्रियेनंतर खोलीबाहेर बोलावून दादांना सांगितले गेले. सांगणाऱ्यांना ती दया वाटली असेल. दादांनाही ते आत जाऊन बोलवेना. सात वर्षे वहिनी हळदीकुंकवाला जात राहिल्या, ओटी भरून घेत राहिल्या, नवस बोलत राहिल्या. १९८६ साली रक्त काढताना एका परिचारिकेने सहज बोलण्याच्या ओघात ते सांगून टाकले. त्या संध्याकाळी मी अहवाल घेऊन आलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, 'भावजी, आकडा रोज मला कळतो. त्याचा अर्थ मात्र सगळ्यांना ठाऊक होता, मी सोडून.' त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्यानंतर डॉक्टरांच्या खोलीतून त्या कधीही बाहेर थांबल्या नाहीत.

अलीकडे नव्या गोळ्या आल्या आहेत. २०१०पासून डॅबिगॅट्रान आणि तिच्यामागोमाग रिव्हरोक्सॅबान, एपिक्सॅबान. त्यांना वारंवार तपासणी लागत नाही, पालेभाजीचे वावडे नाही. वॉर्फरिनचे दिवस संपले, असे त्यामुळे अनेकांना वाटले, आणि संधिज्वराशी संबंध नसलेल्या पुष्कळ रुग्णांपुरते ते खरेही ठरले. परंतु यांत्रिक झडपांच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रानची चाचणी घेतली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्त्राव दोन्ही अधिक आढळल्याने ती २०१२ साली मध्येच थांबवावी लागली. संधिज्वरामुळे झडपा बिघडून हृदयाची लय अनियमित झालेल्यांचा प्रश्न तरीही उरला होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. गणेशन कार्तिकेयन यांच्या पुढाकाराने भारतासह २४ देशांतील सुमारे साडेचार हजार रुग्णांवर त्यासाठी मोठी चाचणी झाली. त्या रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २०२२ साली जाहीर झालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता: नव्या रिव्हरोक्सॅबानपेक्षा जुन्या वॉर्फरिनच्या कुळातील गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले होते.

या निष्कर्षाचा अर्थ आपल्यासारख्या भागाने नीट ध्यानात घेतला पाहिजे. संधिज्वर हा दाटीच्या घरांचा, वेळेवर औषध न मिळालेल्या घशांचा रोग आहे. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला, आपल्याकडे उरला आहे. म्हणजे ज्यांना तपासणी केंद्र दूर, बसभाडे जड आणि दिवसाची मजुरी बुडणारी, त्यांच्याच वाट्याला ही मोजमाप मागणारी जुनी गोळी राहणार आहे. गोळी स्वस्त आहे. महाग आहे ते मोजणे. १९५७ साली हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून या भागात उपचारांच्या सोयी पुष्कळ वाढल्या. आज बोटाच्या टोकावरील थेंबातून काही मिनिटांत आयएनआर सांगणारी यंत्रेही निघाली आहेत. ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली आणि आकड्याचा अर्थ ज्याचे रक्त आहे त्यालाच, त्याच्या भाषेत सांगण्याची रीत पडली, तर या औषधाचा उरलेला अर्धा भाग रुग्णाच्या हाती येईल.

योग्य योजना केली तर तीव्र विषही औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष होते, हा विचार चरकसंहितेत आहे. वॉर्फरिनइतका त्याचा उघड दाखला क्वचितच सापडेल. कार्लसनच्या कॅनमधील रक्तापासून जिनिव्हात ठरलेल्या दशांशापर्यंतची पन्नास वर्षे म्हणजे ही योजना शिकण्यासाठी शास्त्राला लागलेला अवधी आहे. विषाला औषध म्हणणारी आपली भाषा त्यामुळे चुकीची ठरत नाही; ती अर्धीच गोष्ट सांगते, एवढेच. उरलेली अर्धी गोष्ट 'किती' या शब्दात आहे, आणि ते 'किती' वहिनींच्या वहीत उजव्या रकान्यात, एकतीस वर्षे, त्यांच्याच अक्षरात लिहिलेले आहे.